निर्दोष सुटलेली बाई

आमच्या ऊर्जानगरच्या वसाहतीत महिन्यातल्या एका रविवारी दुपारी पुस्तकातल्या माणसांवर खटले चालतात. वाचन मंडळ आहे आमचं, आणि त्याची ही जुनी पद्धत. एखादी नावाजलेली जुनी कादंबरी किंवा नाटक निवडायचं, सगळ्यांनी महिनाभर वाचायचं आणि त्यातल्या एका पात्राला आरोपी करायचं. एकजण आरोप ठेवतो, एकजण बचाव करतो, न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकून निकाल देतो. आरोपीच्या खुर्चीवर पुस्तक उभं करून ठेवतात. सभा दुपारी अशासाठी, की दिवस मावळला की वसाहतीच्या झाडीतून बिबट्या फिरतो. साहित्यावर कितीही प्रेम असलं तरी अंधाराच्या आत घर गाठायचं असतं.

बचावाचं काम बहुधा माझ्याकडे येतं. मी चंद्रपूरला कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि माझा नवरा वीज केंद्रात आहे, म्हणून आम्ही इथे क्वार्टरमध्ये. वर्गात मी वर्षानुवर्षं 'स्वभावचित्र रेखाटा' हा प्रश्न घालते आणि वर्षानुवर्षं एकच उत्तर तपासते. नायिका सोशीक, त्यागी आणि प्रेमळ आहे. पुस्तक कुठलंही असो, बाई कुठलीही असो. एका धड्यात तर शेळी होती. तीही सोशीक, त्यागी आणि प्रेमळ निघाली. अशा उत्तरांना लाल पेनाने रेघा मारून मारून मी जरा तिरसट झाले आहे, आणि रविवारच्या सभेत ती सगळी खुमखुमी बाहेर पडते. तिथे कुणी तरी खरंच वाचून आलेलं असतं, एवढ्याचंही मला अप्रूप वाटायचं.

न्यायाधीश मात्र कायम एकच. केंद्रातले एक वरिष्ठ अभियंते, निवृत्तीला टेकलेले. आम्ही सगळे त्यांना जजसाहेबच म्हणतो. माणूस मूळचा ब्रह्मपुरीकडचा. घरी, फोनवर, गेटवरच्या चौकीदाराशी त्यांची आपली तिकडची झाडी बोली असते, पण सभेत खुर्चीवर बसले की भाषा एकदम धुतलेली, इस्त्री केलेली. प्रत्येक पुस्तक ते दोनदा वाचून येत. निकाल सांगायच्या आधी चष्मा काढून डोळे मिटत, आणि बोलत ते खरोखर ऐकण्यासारखं. दुष्ट म्हणून सगळ्यांनी मोडीत काढलेल्या माणसाच्या काळजात काय चाललं असेल, हे ते असं उलगडून दाखवत की मंडळात बहुधा आरोप ठेवणाऱ्या, केंद्रातल्या केमिस्टसारख्या कडवट माणसाचाही आवाज खाली येई. आणि मंडळाचा एक नियम होता, तोही त्यांनीच घातलेला. निकाल लागला की लागला. चहाच्या वेळीसुद्धा तो पुन्हा उकरायचा नाही. एकदा त्यांच्याच लक्षात आलं की एका प्रकरणाचा आपण भलताच अर्थ लावला होता, तरी निकाल त्यांनी बदलला नाही. "दिलेला शब्द आहे तो," म्हणाले.

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. प्रत्येक सभेला येणार, चहाचं बघणार आणि मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसणार. पुस्तक निवडायची पाळी प्रत्येकाकडे आळीपाळीने येते. वहिनींची आली की त्या हसून म्हणत, "माह्यं सोडा, पुढच्याले द्या." त्या वाचत नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो.

या दोघांची एकुलती एक मुलगी वडशाला दिली होती, भाताची गिरणी असलेल्या घरात. लग्न थाटात झालं, वसाहतीतून दोन बस भरून माणसं गेली होती. मग एक दिवस ती मुलगी घर सोडून निघाली. लहान मुलगा सासरच्यांनी ठेवून घेतला. का निघाली हे तिने कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे वसाहतीने ते एकमेकांना सांगायचं काम अंगावर घेतलं. मारहाण म्हणावी तर कुणी ऐकली नव्हती. दुसरं काही म्हणावं तर तसंही काही दिसत नव्हतं. ती गडचिरोलीत कंत्राटी नर्स म्हणून लागली, एक खोली घेऊन राहू लागली. जजसाहेबांनी तिला निरोप धाडला, की लेकराला टाकून आलेल्या बाईला या घरात जागा नाही. त्याला दोन दिवाळ्या होऊन गेल्या होत्या. तिसरी येऊ घातली होती.

त्या सुमाराला पुस्तकाची पाळी पुन्हा वहिनींकडे आली. केमिस्ट सवयीने पुढच्या माणसाकडे वळलासुद्धा. तेवढ्यात वहिनींनी पिशवीतून एक पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. पिवळी पडलेली पानं, कापडाचा पुठ्ठा. वडिलांच्या ट्रंकेतलं, म्हणाल्या. मी ते विद्यार्थिनी असताना वाचलेलं होतं, परीक्षेला होतं, त्यामुळे अर्थातच विसरले होते. गोष्ट साधी आहे. नदीकाठच्या गावातल्या शाळामास्तराची बायको एका सकाळी पाळण्यात निजलेलं मूल तसंच ठेवून घरातून निघते आणि नावेत बसते. बस. का निघते हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही. समीक्षकांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे.

टेबलाभोवतीच्या सगळ्यांना पुस्तक माहीत होतं आणि सगळ्यांना मुलगीही माहीत होती. जजसाहेबांनी पुस्तक उचललं, चार पानं चाळली आणि म्हणाले, "उत्तम निवड आहे. आरोपी अर्थात मास्तरांची पत्नी." चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मला त्या क्षणी त्यांचं कौतुक वाटलं, हे लिहून ठेवते.

दोन दिवसांनी वहिनी माझ्या घरी आल्या. जजसाहेबांची सकाळची पाळी होती. वहिनींनी चहा नको म्हटलं, सरळ बसल्या.

"मॅडम, तुमी त्या बाईले सोडवा."

"वहिनी, ते पुस्तक आहे."

"मले समजते. पोरीच्या पोटाचं ऑपरेशन हाये. पिशवी काढा लागते म्हनते डॉक्टर. मंग दीड महिना वजन उचलायचं नाई, जिना चढायचा नाई. तिच्या खोलीले पानी खालून भरून आना लागते. कोन भरून देईन तिले?" त्या पदराच्या काठाशी खेळत होत्या. "तिले घरी आनायची हाये. मी सांगतलं तं ते आयकत नाईत. नातलगायनं सांगतलं तं तेयचं आयकत नाईत. पन तिथी खुर्चीवर बसून जे म्हनतेत, ते कधी फिरवत नाईत. तुमाले माहीत हाये ना?"

हे इतकं वेडगळ होतं की मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण मलाही तसंच वाटत होतं. आयुष्यभर मुलांना मी हेच सांगत आले, की पुस्तकातला माणूस समजला की शेजारचा समजतो. आमच्या मंडळातली सगळीच माणसं हे मानणारी. नाही तर चाळीस डिग्रीच्या दुपारी पंख्याखाली बसून कोण कुणाच्या काल्पनिक बायकोची वकिली करील?

ती कादंबरी मी तेव्हा जशी वाचली, तशी कुठलीच वाचली नाही. पहिल्या वाचनात हाती काही लागेना. नवरा हात उगारत नाही, सासू टोचून बोलत नाही. उलट मास्तर गावात मानाचा, बायकोसाठी जत्रेतून बांगड्या आणणारा. केमिस्ट यावरच घाव घालणार हे दिसत होतं. दुसऱ्या वाचनात मी ती बाई घरात काय काय करते ते शोधत गेले. ती वाढते, निवडते, शाळेतल्या पोरांना प्रसाद देते, बाळाला भरवते. सण आहेत, पंगती आहेत, मास्तरच्या ताटाची वर्णनं तर तोंडाला पाणी सुटेल अशी आहेत. आणि मग एकदम मला दिसलं, की ती स्वतः कुठे जेवत नाही. सबंध पुस्तकात नाही. नावेत बसल्यावर नावाडी तिला आपल्यातली अर्धी भाकर देतो, आणि ती खाते. लेखकाने तिथे पाऊण पान खर्च केलं आहे, घास तोडण्यापासून पाणी पिण्यापर्यंत. घर सोडायचं कारण त्याने सांगितलं नाही असं कोण म्हणतं? पानोपानी सांगितलं होतं, आम्ही ताट बघत राहिलो.

खटल्याच्या रविवारी हॉल भरला. एरवी न येणारी माणसं आली होती, आणि ती काही साहित्यासाठी आलेली नव्हती. केमिस्टने आरोप ठेवला. तो प्रयोगशाळेत पाणी तपासतो आणि माणसंही तशीच तपासतो. त्याचं म्हणणं सरळ होतं. लेखकाने नवऱ्याचा एकही दोष दाखवलेला नाही. दोष नसताना आई तान्ह्या मुलाला टाकून जाते, तर ती गुन्हेगार, आणि तिच्याबद्दल कळवळा वाटायला लावणारा लेखक तिचा साथीदार. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात चहाचे कप पुसायचा कपडा तसाच.

मी उठले आणि जेवणाचं सांगितलं. भाषण केलं नाही. एकेका पंगतीचं पान काढलं आणि विचारलं, ही इथे कुठे बसली? दिवाळीच्या फराळाचं पान, मुलाच्या बारशाचं पान, मास्तरच्या वडिलांच्या श्राद्धाचं पान. ही कुठे आहे? चौथ्या-पाचव्या पानाला केमिस्ट आपल्या प्रतीत ते पान काढून बोटाने शोधायला लागला. शेवटी नावेतली भाकर वाचली. "ज्या घरात आपण जेवतो की नाही हे कुणी पाहतच नाही, तिथून उठून जायला आणखी काय कारण लागतं?" एवढं म्हणून मी बसले.

जजसाहेबांनी चष्मा काढला, डोळे मिटले. मग बोलले. तो निकाल मला अजून जसाच्या तसा आठवतो, पण सगळा लिहायची इच्छा नाही. त्यांनी म्हटलं की आपण बायकांच्या जाण्याचं कारण त्यांच्या जाण्यात शोधतो, त्यांच्या राहण्यात शोधत नाही. म्हटलं की जिने मूल मागे ठेवलं तिने किती दुःख केलं हे मोजायचा अधिकार मूल कधी एकट्याने न सांभाळलेल्या पुरुषांना नाही. "आरोपीला हे न्यायालय निर्दोष मुक्त करत आहे. इतकंच नव्हे, तर तिची क्षमा मागत आहे." केमिस्ट उठून उभा राहिला आणि त्याने टाळ्या वाजवल्या. दोन-तीन बाया रडत होत्या. मी तर उघड रडत होते. वहिनी हॉलमध्ये नव्हत्या. बाहेर गुलमोहराखाली फोन कानाला लावून उभ्या होत्या आणि "हो, हो, सोडलं तेयनं," असं पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

त्याच संध्याकाळी वहिनींनी घरी विचारलं, "पोरीले आनू ना मंग?" जजसाहेब पेपर वाचत होते. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. वहिनींनी त्याला हो धरलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बहुतेक गोष्टी अशाच धरून चालवल्या असणार. त्यांनी मधली खोली झाडून घेतली, पलंगावर नवी चादर घातली. जजसाहेब त्या खोलीवरून जात-येत होते.

ऑपरेशन गडचिरोलीत झालं. दवाखान्यातून तिला सुट्टी मिळाली त्या दिवशी मी कॉलेजातून रजा काढली आणि माझी गाडी घेऊन वहिनींबरोबर गेले. मुलगी मागच्या सीटवर उशी पोटाशी धरून बसली होती. चेहरा ओढलेला, पण बोलत होती. वाटेतल्या मूल गावापर्यंत तिने आईला विचारून विचारून हैराण केलं. "बाबा खरंच म्हनले? क्षमा मागतली म्हनले?" रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक मी जीव मुठीत धरून पार करत होते.

दुपारी आम्ही क्वार्टरसमोर थांबलो. वहिनी पुढे गेल्या, मी मुलीला हात देऊन उतरवत होते, तोवर दार उघडलं. जजसाहेब बनियनवर होते. त्यांनी मुलीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या उशीकडे पाहिलं आणि दारातच उभे राहिले. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात.

"इथी काऊन आनली?"

वहिनी म्हणाल्या, "तुमीच तं त्या दिवशी..."

"ते पुस्तक होतं."

मला राहवलं नाही. मी पायरीशी जाऊन म्हटलं, "साहेब, तुम्ही निकाल दिलाय. शे-पन्नास माणसांसमोर दिलाय. तुम्हीच म्हणालात, क्षमा मागतो."

ते माझ्याकडे वळले. रागावलेले नव्हते, हेच भयंकर होतं. थकल्यासारखे दिसत होते. "मॅडम, पुस्तकातल्या बाईले माफ करायले काय लागते? तिच्यापायी मले कोनी काही इचारत नाई. हिच्यापायी मी माह्या गावात लग्नाले जात नाई, मयतीले जात नाई. माह्या नातवाले मी तीन वर्सं होत आले पाह्यलं नाई. तुमी तिच्याबद्दल पान काढून दाखवलं. हिचं कोनतं पान दाखवता?"

मुलगी तिथे उभी होती, मी तिला विचारू शकत होते, पण भर उन्हात, टाके घातलेल्या पोटाने, बापाच्या दारात एखादीने कोणतं पान काढून दाखवायचं? वहिनींनी नवऱ्याच्या दंडाला हात लावला. त्यांनी तो बाजूला केला, जोराने नाही. "तुले जायचं असन तं जाय," म्हणाले, आणि दार लावलं. आपटलं नाही. कडी सरकल्याचा आवाज आला तेवढाच. समोरच्या क्वार्टरच्या खिडकीत पडदा हलला.

मी म्हटलं, माझ्या घरी चल, दोन बिल्डिंगा सोडून तर आहे, मी सगळं करीन. मुलगी गाडीच्या दाराला धरून उभी होती. "नाई काकू. तिथी पडून बाबाची खिडकी पाहत राहू काय मी?"

आम्ही परत निघालो. वहिनी पुढे बसल्या, घरातून काहीच आणता आलं नव्हतं, पायात साध्या स्लिपर. मूल गाव मागे पडलं आणि जंगल लागलं. मग मागून मुलीचा आवाज आला.

"काकू, त्या पुस्तकातली बाई कुठी जाते?"

"माहेरी जायला निघते."

"मंग घेतेत का तिले घरात?"

मी गाडी चालवत राहिले. कादंबरी नावेतच संपते. पलीकडचा काठ दिसतो आणि शेवटचं वाक्य येतं. वर्गात मी याला मुक्त शेवट म्हणते आणि मुलांना लिहून देते, की अशा शेवटामुळे वाचकाच्या कल्पनाशक्तीला वाव मिळतो. दोन गुणांचा मुद्दा आहे तो.

"लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"बरं केलं," ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकवून बसली.

वहिनी लेकीजवळ आठ-दहा दिवस राहिल्या. मग परतल्या, त्यांना दार उघडलं गेलं, कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर दिवसपाळीला नवरा गेला की त्या गडचिरोलीची बस धरत, खालून पाणी भरून देत, दोन दिवसांचं करून ठेवत आणि ते घरी यायच्या आत परत येत. जजसाहेबांना हे माहीत होतं. वसाहतीत लपून काय राहतं? ते बोलले नाहीत. मला वाटतं, त्यांच्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं. कधी कधी मला त्यांची कीव येते आणि मग स्वतःचाच संताप येतो.

मंडळ चालू आहे. मी दोन महिने गेले नाही, मग गेले, कारण घरी बसून जीव आणखी कुढतो. जजसाहेब खुर्चीवर होते. त्या दिवशी आरोपी एक म्हातारा राजा होता, आपल्या मुलाला वनात धाडणारा, आणि त्यांनी त्याचं मन असं उलगडून दाखवलं की नव्याने आलेली एक मुलगी डोळे पुसत म्हणाली, किती मोठ्या मनाचा माणूस आहे हा. मी चहाचा कप उचलला. चहा मात्र कुणीतरी दुसरंच करत होतं, गोड मिट्ट.

परवा वहिनी बाजारात भेटल्या. पालक निवडत होत्या. मुलगी बरी आहे, कामावर जायला लागली आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, "वहिनी, रविवारी येत जा हो. तुमच्यावाचून ओकं ओकं वाटतं."

त्यांनी जुडी पिशवीत टाकली. "नाई मॅडम. तिथी ते लई चांगले बोलतेत," त्या म्हणाल्या. "मले ते आयकवत नाई."